फेसलिफ्ट सर्जरी की नॉन-सर्जिकल ट्रीटमेंट? कोणता पर्याय कोणासाठी – सविस्तर माहिती

इन्स्टाग्राम उघडलं की चार रील संपायच्या आत एक जाहिरात येतेच: "ऑपरेशन नाही, टाके नाहीत, जेवणाच्या सुट्टीत चेहरा दहा वर्षांनी तरुण." त्याच्याच खाली कुणीतरी फेसलिफ्ट सर्जरीचे आधीचे आणि नंतरचे फोटो टाकलेले असतात. मग प्रश्न पडतो की यातलं नेमकं काय घ्यायचं? हा प्रश्न मला गेल्या वर्षभरात नात्यातल्या आणि ओळखीतल्या बऱ्याच जणांनी विचारला.

मी डॉक्टर नाही, त्यामुळे "तुम्ही हे करा" असं मी सांगणार नाही. पण कोणतं तंत्रज्ञान चेहऱ्याच्या कोणत्या थरात काय करतं, हे समजावून सांगता येईल. ते एकदा समजलं की जाहिरातीतलं निम्मं गोंधळाचं बोलणं आपोआप बाजूला पडतं.

मुख्य मुद्दा आधीच सांगतो. बरेच लोक मशीनला "स्वस्तातला फेसलिफ्ट" समजतात. पण दोघांचं काम वेगळं आहे. मशीन आहे त्या त्वचेचा दर्जा सुधारते. सर्जरी खाली घसरलेला भाग वर नेते आणि जास्तीची त्वचा काढून टाकते. म्हणून "कोणतं चांगलं?" याच्या आधी "माझ्या चेहऱ्याच्या कोणत्या थरात बदल झालाय?" हे विचारायला हवं. चला तर मग, तिथूनच सुरुवात करूया.

## वय वाढलं की चेहऱ्यात नेमकं काय बदलतं?

चेहरा म्हणजे नुसती त्वचा नाही. वरून खाली साधारण पाच थर धरा.

१. वरची त्वचा: उन्हाने इथे काळे डाग, वांग आणि खरखरीतपणा येतो.
२. आतली त्वचा: इथे कोलॅजन आणि इलॅस्टिन असतं. विशीनंतर कोलॅजन हळूहळू कमी होतं. पाळी थांबल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत बायकांमध्ये ते जास्त वेगाने घटतं.
३. चरबी: चेहऱ्यावरची चरबी वेगवेगळ्या कप्प्यांत असते. काही कप्पे सुकतात, काही खाली सरकतात. म्हणून गाल बसतात आणि जबड्याजवळ गालफडं लोंबतात.
४. स्नायू आणि त्यांना धरून ठेवणारा पडदा: या पडद्याला डॉक्टर लोक "स्मॅस" म्हणतात. मिट्झ आणि पेरोनी या दोघांनी १९७६ साली त्याचं सविस्तर वर्णन केलं. आजचा बहुतेक फेसलिफ्ट याच पडद्यावर केला जातो.
५. हाड: डोळ्यांच्या खोबणीचं आणि जबड्याचं हाडही वयानुसार थोडं झिजतं. आधार कमी झाला की वरचे थर खाली येतात.

आता लक्षात घ्या, पहिल्या दोन थरांचा त्रास आणि चौथ्या थराचा त्रास आरशात सारखाच "म्हातारा" दिसतो. उपाय मात्र वेगवेगळे असतात.

## नॉन-सर्जिकल ट्रीटमेंट कोणत्या आणि त्या काम कशा करतात?

### बोटॉक्स (बोटुलिनम टॉक्सिन)

हे स्नायूला जाणारा संदेश तात्पुरता अडवतं. स्नायू आकसला नाही की त्यावरची त्वचा दुमडत नाही. कपाळावरच्या आठ्या, भुवयांच्या मधल्या रेघा आणि डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या यांवर याचा उपयोग होतो. कॅनडातल्या कॅरुथर्स दांपत्याने (एक नेत्रतज्ज्ञ, एक त्वचारोगतज्ज्ञ) १९९२ साली यावर पहिला महत्त्वाचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. २००२ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने भुवयांमधल्या रेघांसाठी त्याला मंजुरी दिली.

फरक काही दिवसांत दिसू लागतो, पूर्ण परिणाम साधारण २ आठवड्यांत येतो आणि ३ ते ४ महिने टिकतो. लोंबणारी त्वचा याने वर जात नाही.

### फिलर

बसलेल्या जागी भर घालायची, इतकं साधं हे काम आहे. सर्वात जास्त वापर हायल्युरॉनिक अॅसिडच्या जेलचा होतो. प्रकार आणि जागेनुसार ते साधारण ६ ते १८ महिने टिकतं. याचा मोठा फायदा म्हणजे नको झालं तर हायल्युरॉनिडेज नावाच्या इंजेक्शनने ते विरघळवता येतं. बाकीच्या काही फिलरना अशी सोय नाही.

लोंबणारा चेहरा "भरून" वर उचलायचा प्रयत्न केला तर मात्र चेहरा सुजल्यासारखा गोल दिसू लागतो.

### लेझर

१९८३ साली अँडरसन आणि पॅरिश यांनी मांडलेलं तत्त्व सोपं आहे: योग्य तरंगलांबीचा प्रकाश योग्य वेळेपुरता सोडला तर फक्त ठरलेलं लक्ष्य तापतं, आजूबाजूचं वाचतं. कार्बन डायऑक्साइड लेझर (१०,६०० नॅनोमीटर) त्वचेतल्या पाण्याला तापवतो, तर काही लेझर काळ्या रंगद्रव्याला लक्ष्य करतात.

२००४ मध्ये "फ्रॅक्शनल" पद्धत आली. थालीपिठाला आपण बोटाने भोकं पाडतो ना, तसं हे लेझर त्वचेत अगदी बारीक खांब जाळतं आणि मधली त्वचा शाबूत ठेवतं. शाबूत भागामुळे जखम लवकर भरते. बारीक सुरकुत्या, मुरुमांचे खड्डे आणि त्वचेचा पोत यांसाठी हे उपयोगी आहे.

### रेडिओफ्रिक्वेन्सी

विजेचा प्रवाह त्वचेतून जाताना अडथळ्यामुळे उष्णता तयार होते, जवळपास गीझरच्या कॉइलसारखं. उष्णतेने कोलॅजनचे धागे आकसतात आणि शरीर नवं कोलॅजन बनवायला लागतं. नुसत्या वरून फिरवायच्या मशीनला अमेरिकेत २००२ मध्ये डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्यांसाठी परवानगी मिळाली. आता सुयांमधून उष्णता आत सोडणारी मायक्रोनीडलिंग आरएफही सगळीकडे दिसते.

### हायफू (अल्ट्रासाउंड)

लहानपणी भिंगाने ऊन एका ठिकाणी आणून कागद जाळलाय का? हायफू तेच करतं, फक्त प्रकाशाऐवजी ध्वनिलहरी वापरून. वरची त्वचा न जाळता १.५, ३ किंवा ४.५ मिलिमीटर खोलीवर ६० ते ७० अंश सेल्सियस तापमानाचे बारीक ठिपके तयार होतात. ४.५ मिलिमीटर म्हणजे साधारण स्मॅसची खोली. म्हणूनच जाहिरातीत लिहितात, "फेसलिफ्टच्याच थरावर काम."

खोली तीच आहे, हे खरं. पण सर्जन तो पडदा हाताने मोकळा करून वर ओढतो आणि टाक्यांनी बसवतो. हायफू तिथे ठिपके देऊन थोडा आकसवतं. एफडीएने या तंत्राला २००९ मध्ये भुवई थोडी उचलण्यासाठी आणि २०१२ मध्ये मान व हनुवटीखालच्या भागासाठी परवानगी दिली. परिणाम दिसायला २ ते ३ महिने लागतात, कधी ६ महिनेही, आणि तो सौम्य असतो.

### थ्रेड लिफ्ट

त्वचेखालून काटेरी धागे घालून चेहरा ओढून धरतात. पीडीओ धागे साधारण ६ महिन्यांत विरघळतात. उचललेपणा बहुतेकांमध्ये वर्षभरात बराचसा उतरतो.

## सर्जिकल फेसलिफ्ट म्हणजे काय?

यात छेद केसांच्या रेषेपासून सुरू होतो, कानाच्या पुढून खाली येतो आणि पाळीला वळसा घालून कानामागे जातो. सर्जन त्वचा बाजूला करतो, स्मॅस घट्ट करतो किंवा त्याखालून मोकळा करून वर बसवतो, आणि मग उरलेली जास्तीची त्वचा कापून बिनताणाचे टाके घालतो. पूर्वी फक्त त्वचा ओढायचे, त्यामुळे चेहरा "वाऱ्यात उभा" असल्यासारखा दिसायचा. स्मॅसच्या खालून काम करणाऱ्या "डीप प्लेन" पद्धतीचं वर्णन सॅम हॅम्रा यांनी १९९० मध्ये केलं.

- वेळ: काही तास, पूर्ण भूल किंवा स्थानिक भूल आणि गुंगीचं औषध
- सुट्टी: सूज आणि काळे-निळे डाग उतरायला साधारण २ ते ३ आठवडे; जड व्यायाम ४ ते ६ आठवडे बंद
- शेवटचा परिणाम: काही महिन्यांनी
- टिकाऊपणा: बऱ्याच जणांमध्ये ७ ते १० वर्षं, कारण वय वाढणं काही थांबत नाही

एक गोष्ट जाहिरातीत सहसा येत नाही. फेसलिफ्टने त्वचेवरचे डाग, वांग, खड्डे किंवा ओठांवरच्या बारीक उभ्या रेघा जात नाहीत. तो चेहऱ्याच्या खालच्या दोन भागांसाठी आणि मानेसाठी असतो. पापण्या आणि कपाळ यांच्या सर्जरी वेगळ्या.

## मग माझ्यासाठी कोणतं?

घरच्या घरी एक साधा अंदाज घेता येतो. आरसा हातात धरून आधी सरळ बसून बघा, मग पाठीवर झोपून बघा. झोपल्यावर जबड्याची रेघ आणि गळा एकदम स्वच्छ दिसत असेल, तर मुख्य त्रास खाली घसरण्याचा आहे. झोपूनही सुरकुत्या, डाग आणि खड्डे तसेच असतील, तर त्रास त्वचेचा आहे. ही तपासणी नव्हे, पण डॉक्टरांशी बोलायला चांगली सुरुवात आहे. सेल्फीवरून मात्र ठरवू नका. फोन अगदी जवळ धरला की नाकासारखा पुढचा भाग फुगून दिसतो आणि वर फोनचा ब्युटी फिल्टर असतोच.

- कपाळ आणि डोळ्यांभोवतीच्या हालचालीच्या रेघा: बोटॉक्स
- बसलेले गाल, खोल गेलेला डोळ्यांखालचा भाग: फिलर, बेतानेच
- डाग, पोत, खड्डे: क्रीम, पील, लेझर किंवा मायक्रोनीडलिंग
- तिशी-चाळिशीतला किंचित सैलपणा: आरएफ किंवा हायफू, अपेक्षा माफक ठेवून
- लोंबणारी गालफडं, गळ्याची झोल, पकडली तर चिमटीत येणारी जास्तीची त्वचा: इथे मशीनचा उपयोग जेमतेम, सर्जरी, नाहीतर काहीच नाही

शेवटचं "काहीच नाही" मी मुद्दाम लिहिलंय. माझ्या मावशीचं उदाहरण देतो. वय ५९, गळ्याखालची त्वचा लोंबायला लागलेली. एका क्लिनिकमध्ये तिला हायफूच्या सहा सिटिंगचं पॅकेज सांगितलं, आजच बुक केलं तर मोठी सूट. मी सोबत होतो. "ही जास्तीची त्वचा मशीननंतर जाणार कुठे?" असं मी विचारलं, तर उत्तराऐवजी अजून चार फोटो दाखवले. नंतर आम्ही एका प्लास्टिक सर्जनकडे गेलो. ते म्हणाले, "काकू, मशीनने तुम्हाला स्वतःलाही फरक शोधावा लागेल. सर्जरी करायची तर आधी बीपी आटोक्यात आणा. आणि नाही केली तरी बिघडत काहीच नाही." मावशी हसली, म्हणाली, "हे तिसरं मला कुणी सांगितलंच नव्हतं." तिने रोज सनस्क्रीन लावायचं ठरवलं आणि विषय तिथेच संपला.

## खर्च कसा मोजायचा?

शहर, डॉक्टर आणि मशीननुसार दर खूप बदलतात, म्हणून मी आकडे देत नाही. हिशोबाची पद्धत देतो. एका सिटिंगचा दर बघू नका. पुढच्या १० वर्षांचा दर बघा. बोटॉक्स ३ ते ४ महिने टिकतं, म्हणजे वर्षाला ३ ते ४ वेळा, म्हणजेच १० वर्षांत ३० ते ४० वेळा. फिलर, हायफू आणि थ्रेडचाही असाच गुणाकार करा. मग सर्जरीचा एकदाचा खर्च शेजारी मांडा. त्यात भूल, हॉस्पिटल, औषधं आणि कामावरची सुट्टी धरायला विसरू नका.

आणखी दोन गोष्टी. आपल्याकडे आरोग्यसेवेला असलेली जीएसटीची सूट निव्वळ सौंदर्यासाठीच्या सर्जरीला नाही, म्हणून कोटेशनमध्ये कर धरलाय का ते विचारा. आणि आरोग्य विम्यात कॉस्मेटिक सर्जरी बसत नाही. अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतरची पुनर्रचना हा अपवाद.

## आपल्या सावळ्या त्वचेसाठी खास काळजी

त्वचेचे १ ते ६ प्रकार करणारी फिट्झपॅट्रिक पट्टी वापरात आहे. बरेच भारतीय ४ आणि ५ मध्ये येतात. अशा त्वचेत रंगद्रव्य जास्त असल्याने लेझरची उष्णता तेच शोषून घेतं आणि नंतर काळे डाग पडू शकतात. चुकीचं सेटिंग असेल तर डाग घालवायला गेलेला माणूस नवे डाग घेऊन येतो. आरएफ आणि हायफू रंगावर अवलंबून नसतात, हा त्यांचा आपल्यासाठी खरा फायदा. तरी सुया किंवा भाजण्याने डाग पडू शकतातच.

तुमच्या अंगावर पूर्वीच्या जखमेचा वण फुगून जाड झाला असेल (केलॉइड), तर लेझर असो वा सर्जरी, ते आधी सांगा.

## धोके: दोन्हीकडचे

"नॉन-सर्जिकल" म्हणजे "बिनधोक" नाही.

फिलर: सर्वात गंभीर धोका म्हणजे जेल चुकून रक्तवाहिनीत जाणं. त्याने त्वचा मरू शकते आणि क्वचित कायमचं अंधत्व येऊ शकतं. भुवयांमधला भाग आणि नाक या विशेष जोखमीच्या जागा. ऑनलाइन मिळणाऱ्या बिनसुईच्या "हायल्युरॉन पेन"पासून लांब राहा. एफडीएने २०२१ मध्ये त्याविरुद्ध इशारा दिला आहे.

आरएफ आणि हायफू: भाजणं, बधिरपणा आणि चरबी सुकून गाल अजून बसणं. मायक्रोनीडलिंग आरएफमुळे भाजणं, वण, चरबी कमी होणं आणि नसांना इजा झाल्याच्या तक्रारींवरून एफडीएने ऑक्टोबर २०२५ मध्ये इशारा दिला. पेसमेकर असेल तर आरएफच्या आधी सांगायलाच हवं.

फेसलिफ्ट: त्वचेखाली रक्त साकळणं ही सर्वात नेहमीची गुंतागुंत, बहुतेक वेळा पहिल्या २४ तासांत. वाढलेलं बीपी हे त्याचं मोठं कारण आणि पुरुषांमध्ये प्रमाण जास्त. कानाजवळ बधिरपणा येऊ शकतो. चेहऱ्याची हालचाल करणाऱ्या नसेला कायमची इजा होणं दुर्मीळ, पण शक्य आहे. सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये कानामागची त्वचा मरण्याचा धोका बराच वाढतो, म्हणून किमान ४ आठवडे आधी ती बंद करायला सांगतात.

सध्या वजन कमी करायची इंजेक्शनं घेणारे बरेच आहेत. भराभर वजन उतरलं की चेहरा ओघळतो आणि मग फेसलिफ्टचा विचार येतो. आधी वजन काही महिने स्थिर होऊ द्या. ही औषधं पोट रिकामं व्हायचा वेग कमी करतात, म्हणून भूलतज्ज्ञांना त्यांची माहिती देणं अत्यावश्यक आहे.

## क्लिनिक निवडताना हे प्रश्न नक्की विचारा

१. सुई किंवा मशीन प्रत्यक्ष कोण हाताळणार? डॉक्टर की मदतनीस?
२. डॉक्टरांची पदवी कोणती? त्वचेच्या उपचारांसाठी त्वचारोगात एमडी किंवा समकक्ष, फेसलिफ्टसाठी प्लास्टिक सर्जरीत एमसीएच किंवा समकक्ष. महाराष्ट्रात महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागा आणि तपासा.
३. फिलर असेल तर हायल्युरॉनिडेज क्लिनिकमध्ये आत्ता उपलब्ध आहे का? सिरिंजचं सीलबंद पाकीट माझ्यासमोर फोडाल का?
४. मशीनची कंपनी आणि मॉडेल कोणतं? नाव सांगायला टाळाटाळ केली की समजून जा.
५. माझ्यासारख्या वयाच्या आणि रंगाच्या पेशंटचे, एकाच प्रकाशात काढलेले फोटो आहेत का? ते किती महिन्यांनंतरचे आहेत?
६. परिणाम मनासारखा आला नाही किंवा रात्री त्रास झाला, तर कुणाला फोन करायचा?

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आधी मशीन करून बघितली आणि फरक पडला नाही, तर नंतर फेसलिफ्ट करता येतो का?
हो. पण उष्णतेच्या मशीन किंवा धागे वारंवार वापरले असतील तर आत वण तयार झालेले असू शकतात आणि सर्जनचं काम अवघड होतं. आधी काय-काय केलंय याची तारीखवार यादी द्या.

फेसलिफ्ट कोणत्या वयात करतात?
ठरलेलं वय नाही. बहुतेक लोक चाळिशीच्या शेवटापासून साठीपर्यंत करतात. वयापेक्षा तब्येत आणि सैलपणा महत्त्वाचा.

दोन्ही एकत्र चालतं का?
चालतं, आणि बऱ्याचदा तेच योग्य असतं. सर्जरीने आकार, लेझरने पोत. क्रम आणि मधलं अंतर डॉक्टर ठरवतील.

गरोदरपणात किंवा बाळ अंगावर पीत असताना?
बोटॉक्स आणि फिलर टाळायला सांगतात. घाईचं काम नाहीच हे, थांबा.

## थोडक्यात

त्वचेचा दर्जा बिघडलाय तर मशीन आणि इंजेक्शन, चेहरा खाली घसरलाय तर सर्जरी, आणि तुम्हाला स्वतःला फारसं खटकत नसेल तर रोजचं सनस्क्रीन पुरे. पॅकेजचे पैसे त्याच दिवशी भरू नका. दोन वेगवेगळ्या डॉक्टरांकडून एकच प्रश्न विचारून या: "माझा त्रास कोणत्या थरात आहे आणि हा उपाय त्या थराला पोहोचतो का?" ज्यांच्याकडून याचं सरळ, समजेल असं उत्तर मिळेल, त्यांच्याशीच पुढचं बोला. घरात कुणी असा विचार करत असेल तर ही माहिती त्यांच्यापर्यंत नक्की पोहोचवा.